लुसियानोचे पणजोबा आणि माझे

मंडळी, एक गंभीर तक्रार नोंदवतो. आज इथे आखातातल्या आमच्या ऑफिसात केक वाटला गेला आणि माझ्या वाट्याला फक्त खालचा पुठ्ठा आला.

केक लुसियानोचा, म्हणजे आमच्या अर्जेंटिनाच्या सहकाऱ्याचा. त्याचे पणजोबा इटलीहून तिकडे गेले होते, तेवढ्यावर त्याला इटलीचं नागरिकत्व मिळालं. अर्जेंटिनाचंही कायम!

"पणजोबांचा दाखला शोधण्यात वर्षं गेली, हबीबी," तो म्हणाला.

"मला तर पणजोबा पाठ आहेत. दरवर्षी श्राद्धाला वडील, आजोबा, पणजोबा, तिघांचं नाव घेतो, गोत्रासकट."

"मग तुला कुठला पासपोर्ट मिळतो?"

"स्वर्गाचा. तोही त्यांना, मला नाही."

तो खो खो हसला. मग हळूच म्हणाला, "आता मला काढलं तरी चालेल." आमच्या डिपार्टमेंटमधली माणसं कमी होणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

खलिफा सिटीत घरी येऊन हा किस्सा लेकीला सांगितला. ती जन्मली इथेच, यंदा बारावीला आहे.

"सो व्हेअर आर वी फ्रॉम, बाबा?"

"साताऱ्याचे."

"यू आर," म्हणाली आणि पुन्हा पुस्तकात गेली.

आपली नोकरी जाऊ शकते, हे तुमच्यापैकी कुणी मुलांना सांगितलंय का, आणि कसं? तिचा व्हिसा माझ्या नोकरीवर आहे. नोकरी गेली तर ऐन परीक्षेच्या वर्षात तिला तिचं एकमेव गाव सोडावं लागेल. मला याचीच भीती वाटते, आणि ती तिला अजून माहीत नाही.