चौथं दार बद्द वाजलं

मंडळींनो, मला अक्षर येत नाही. मी बोलतेय, नात टाइप करतेय.

आज लोणीला जुनी मोटार बघायला गेलो. माझा मुलगा दत्तू इंजिनच ऐकत बसला. मी मडकं घेताना वाजवते तशी चारी दारं वाजवली. तीन खणखणली, चौथं बद्द.

"पावणं, ह्या दारात पोचा बुजवायला लई पुट्टी भरलीय. कुठं ठोकली व्हती?" मी हसत विचारलं.

मालक माझ्याच वयाचे. खाली बघत म्हणाले, "पोरगं गेलं माझं ह्यात. सांगितलं की गिऱ्हाईक परत जातं, आक्का."

दत्तूनं चावी परत दिली. मीही अडवलं नाही.

घरी सगळे म्हणतात, आजीनं बरोबर खोट काढली. मला मात्र खाली बघणारा तो बापच आठवतोय.

तुम्ही घेतली असती का ती गाडी?