सदाशिव पेठेतल्या थेरपीच्या बाई

पुण्यात अपमान करून घ्यायला मुद्दाम कुठे जावं लागत नाही. तो जिथे आहोत तिथे होतो. पण त्यासाठी दोन-दोन महिने आधी नाव नोंदवावं आणि वेळ मिळाली की घरात पेढे वाटावेत, अशी व्यक्ती माझ्या माहितीत एकच : सदाशिव पेठेतल्या थेरपीच्या बाई. डाउन सिंड्रोम असलेल्या तान्ह्या मुलांना त्या मान धरायला, बसायला, चघळायला, चालायला, बोलायला शिकवतात. मुलांशी बोलताना त्यांचा आवाज सायीसारखा मऊ असतो. आईबाप समोर आले की त्याच आवाजाला धार कुठून येते, हे मला आजवर कळलेलं नाही.

आमची मुक्ता चार महिन्यांची असताना आम्ही कर्वेनगरहून त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो. पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या, जमिनीवर निळ्या गाद्या आणि मधोमध मांडी घालून बसलेल्या बाई. मी इंटरनेटवरून काढलेल्या कागदांची जाडजूड फाइल नेली होती. अधोरेखितं तीन रंगांत. बाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, खालीवर करून पाहिली, तिच्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि मुक्ताला पालथं करून ती तिच्या छातीखाली सरकवली. मुक्ताने आयुष्यात पहिल्यांदा मान उचलली आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं. "उंची अगदी बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "घरीही हीच वापरा. वाचून संपलीच असेल."

मला राहवलं नाही. "बाई, ही बरी कधी होईल?"

"का, सर्दी झालीय का तिला?"

"नाही, म्हणजे ते डाउन..."

"ते आहे आणि राहणार आहे. तिचे स्नायू सैल आहेत, त्याचं आपण बघू. तुम्ही बरे कधी होणार ते सांगा, म्हणजे पुढच्या वेळा लावते."

घरी करायच्या व्यायामाची एक वही असे. रोज काय केलं ते आईबापांनी लिहायचं. एका आठवड्यात ऑफिसमुळे मला काहीच जमलं नाही, तेव्हा मी रविवारी बसून सातही दिवसांचं एकदम लिहून काढलं. बाईंनी पानं उलटली, मुक्ताला दोन मिनिटं गादीवर बसवून पाहिलं आणि वही मला परत दिली. "अक्षर सुंदर आहे हो तुमचं. मुलीने मात्र वाचलेलं दिसत नाही." मुक्ताचे पाय बसताना फार फाकत, म्हणून दोन्ही पाय जवळ राहतील अशी चड्डी शिवायला त्यांनी सांगितलं. मी सहज विचारलं, "कोण शिवून देईल?" बाईंनी माझ्या हातांकडे इतका वेळ पाहिलं, की त्या शनिवारी मी सुई-दोरा घेऊन बसलो. माझ्या आईचीही सुटका नव्हती. ती नातीला दिवसभर कडेवर घेऊन फिरे. "आजी, चालण्याचा व्यायाम छान चाललाय," बाई म्हणाल्या, "तुमचा. तब्येत सुधारलीय. आता तिचीही सुधारू द्या." आई तीन दिवस फुगून बसली आणि चौथ्या दिवशी मुक्ताला खाली ठेवून तिच्यासमोर स्वतः रांगू लागली.

मुक्ता सव्वादोन वर्षांची झाली. धरून उभी राही, पण हात सोडून पाऊल टाकत नव्हती. त्याच सुमारास माझ्या चुलतभावाचं लग्न ठरलं, आणि आमची गुरुवारची वेळ चुकणार म्हणून मी बाईंना सांगायला गेलो.

"मुक्ता कुठे असेल?"

"घरी. आजीजवळ," मी म्हणालो. "उगाच गर्दीत तिला त्रास नको."

गुरुवारची वेळ खोडायला उचललेलं पेन बाईंनी खाली ठेवलं. आजवरच्या सगळ्या अपमानांपेक्षा ते जड गेलं, कारण त्रास कुणाला होणार होता हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. नातेवाइकांपैकी निम्म्यांना मी अजून काही सांगितलंच नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "कार्यालयात पायऱ्या असतात, खुर्च्या असतात, नवी माणसं असतात. एवढं सामान माझ्याकडे नाही. घेऊन जा तिला. आणि कुणी काही विचारलं तर तिच्याबद्दल कुजबुजू नका. ऐकू नीट येतं तिला, तपासून घेतलंय आपण."

आम्ही नेलं. जेवणाच्या पंगतीआधी एक लांबची आत्या मुक्ताच्या गालाला हात लावून म्हणाली, "बिचारी! कळतं का रे हिला काही?" मी नेहमीसारखा हसून विषय बदलणार होतो. तोंडातून मात्र भलतंच आलं : "सगळं कळतं, आत्या. तुमचं म्हणणंही आत्ताच कळलंय." माझी बायको माझ्याकडे बघतच राहिली. आत्या पंगतीकडे निघून गेली. बायकोच्या हातात जिलबीची बशी होती. मुक्ताने ती पाहिली, खुर्चीचा हात सोडला आणि चार पावलं टाकून थेट बशीत हात घातला.

मी तिथूनच बाईंना फोन लावला. "बाई, चार पावलं! एकटीने!"

"मग फोनवर काय करताय?" पलीकडून आवाज आला. "पाचवं बघा."

मुक्ता चार वर्षांची व्हायच्या सुमारास तिला घराजवळच्या बालवाडीत प्रवेश मिळाला. बाईंनी वही मिटली. "आता इथे यायचं नाही." मी अक्षरशः गयावया केली. अजून बोलणं स्पष्ट नाही, पेन्सिल धरता येत नाही, वर्षभर तरी राहू द्या. "ते शाळेत होईल, आणि बोलण्यासाठी तुमच्या भागातल्या बाईंचं नाव लिहून दिलंय," त्या म्हणाल्या. "इथली जागा लहान मुलांची आहे. तुमच्यासाठी दुसरीकडे सोय बघा."

मुक्ता कठडा धरून एकेक पायरी उतरू लागली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. कधी कुणाला दारापर्यंतही सोडायला न येणाऱ्या बाई आमच्यामागून तीन पायऱ्या उतरल्या आणि तिथेच थांबल्या.

"अधूनमधून कळवत जा," त्या म्हणाल्या.

यापुढे एखादं टोचणारं वाक्य येईल म्हणून मी पायरीवर थांबलो. पण बाई नुसत्याच उभ्या होत्या, खाली मुक्ताकडे बघत.