वास बघून घेतलेलं ब्रेक ऑइल

ब्रेक दाबल्यावर गाडी थांबावी, एवढीच माझी गाडीकडून अपेक्षा असते. ती फार मोठी आहे असं मला अजूनही वाटत नाही.

मी कराडचा गुळाचा व्यापारी. हातगाडीवर सुरुवात केली, आज स्वतःचं गोदाम आहे. हे कुणाच्या कृपेनं झालेलं नाही, घासाघीस करून झालेलं आहे. समोरच्यानं सांगितलेल्या भावात मी आजवर काडेपेटीसुद्धा घेतलेली नाही. (लग्नात भटजींनी दक्षिणेचा आकडा सांगितला, तेव्हा अंतरपाटाच्या अलीकडून मीच बोललो होतो. बायको अजून ते उकरून काढते.)

आणि माझ्यासारख्या माणसाला अडकवलं कुणी? सख्ख्या मेहुण्यानं! सांगलीचा बाळासाहेब, हळदीचा व्यापारी. मागं एकदा कुंभार्ली घाट उतरताना माझ्या गाडीच्या ब्रेकना जळका वास आला आणि आम्ही सगळे जरा वेळ दगडावर बसलो. एवढीच गोष्ट. पण बाळासाहेबानं ती प्रत्येक बारशाला आणि साखरपुड्याला सांगितली, आणि दर वेळी तिच्यातला धूर वाढत गेला. पुतणीच्या लग्नात तर ऐकलं, की मी म्हणे स्टेअरिंग सोडून डोळे मिटून देवाचा धावा करत होतो!

मी पंगतीतून ताडकन उठलो. "बाळासाहेब, गाडी तोंडानं चालवायची नसते!"

"मग लावा की पैज, दाजी," तो जिलेबी चावत म्हणाला. "कोल्हापूरच्या अलीकडं तो रेसचा ट्रॅक हाय न्हवं का? रविवारी फी भरली की आपापली गाडी पळवू देत्यात. चार फेऱ्या मारायच्या, कमी वेळ लागंल तो जिंकला. मी हरलो तर पुढच्या लग्नात भर मांडवात तुमच्या पाया पडतो आणि घाटाची गोष्ट बंद. तुमी हरला, तर वर्षभर कुणाशी घासाघीस करायची न्हाई. सांगंल त्या भावात गप घ्यायचं!"

वाढप्याच्या हातातला डाव तसाच राहिला.

"बाळ्या, असलं काय मागतोस रं!" बायको कळवळली. "झुरून मरतील हे!"

पण मी टाळी दिली होती.

माझी मुलगी ऋतुजा मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं मला समोर बसवलं. "पप्पा, इंजिनचं सोडा, ब्रेकचं बघा. ट्रॅकवर दर वळणाला ब्रेक लागतो. ब्रेक तापले की आतलं ऑइल उकळतं, त्याची वाफ होते. मग तुम्ही पॅडल दाबलं की नुसती वाफ दबते, गाडी थांबत नाही. म्हणून लय ताप सहन करणारं ऑइल पाहिजे. आणि एक ऐका, ते हवेतलं पाणी ओढतं. पाणी शिरलं की लवकर उकळतं. त्यामुळं सीलबंद आणायचं आणि गाडीत भरतानाच फोडायचं. कळलं का?"

"कळलं," मी म्हणालो. खरं तर 'आणायचं' या शब्दालाच मी मनानं दुकानात पोचलो होतो.

मलकापुरात हायवेला अशोकचं पार्टचं दुकान आहे. त्यानं काउंटरवर डबे मांडले. डॉट तीन, डॉट चार, डॉट पाच पॉइंट एक.

"यातलं भारी कुठलं?"

"आकडा वाढंल तसं जास्त ताप सोसतं, काका."

"मग सरळ पाच दे की! हे पॉइंटबिंट कशाला?"

"नुसतं पाच तुमच्या गाडीला चालत न्हाई. ते सिलिकॉनचं असतं, ह्यात मिसळत न्हाई." मग त्यानं मागच्या फळीवरून एक काळा डबा काढला. "ट्रॅकवर जायचं असंल तर हे घ्या. रेसिंगचं. डॉट चार."

"चार? आणि हे त्या पाच पॉइंट एकपेक्षा भारी?"

"व्हय."

"आत्ता तर म्हणालास आकडा वाढला की भारी!"

"हे रेसिंगचं चार हाय, काका. त्याची गोष्टच येगळी."

चार हे पाचापेक्षा मोठे! असा हिशेब मी गूळबाजारात केला असता, तर आज भीक मागत असतो. माझं डोकं तापलं. (माझ्या डोक्याला डॉट कितीचं ऑइल लागतं, हे एकदा बायकोला विचारायला हवं.) मग त्यानं किंमत सांगितली आणि मी सरळ धंद्यावर आलो.

गुळाच्या धंद्यात ढेप फोडल्याशिवाय सौदा होत नाही. खडा काढायचा, वास घ्यायचा, बोटांत चुरायचा, जिभेवर ठेवायचा. आणि एकदा का ढेप फुटली, की म्हणायचं, "फुटलेला माल आहे, भाव सांग." या एका वाक्यावर मी गोदाम बांधलं आहे. तेव्हा मी डब्याचं झाकण फिरवलं आणि आतल्या चंदेरी कागदात अंगठा घातला. फट्!

"ओ काका! सील!" अशोक किंचाळला.

"माल बघू नको?" मी बोट बुडवलं, चोळलं, वास घेतला. चिकटपणा ठीक होता. बोट तोंडाकडं नेलं, तशी अशोकनं काउंटरवरून झेप घालून माझा हात धरला.

"इख हाय ते! मराल की!"

"बरं, राहिलं. पण सील फुटलंय, अशोक. आता फुटक्या मालाचा भाव सांग."

"तुमीच फोडलं न्हवं!"

"कुणी का फोडेना. फुटलंय की नाही?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं माणूस वळवाच्या गारांकडं बघतो. मग निम्म्या किमतीत डबा माझ्या अंगावर जवळजवळ फेकला. "न्या! पण परत माझ्या दुकानाची पायरी चढू नका!" माझं आजही म्हणणं आहे, की तो त्या वेळी ठाम राहिला असता, तर पुढचं काही घडलं नसतं.

ट्रॅकचा रविवार लांब होता, म्हणून डबा मी गोदामात ठेवला. भर पावसाळा. भिंतींना ओल, जमिनीला ओल. अशा हवेत गुळाला पाणी सुटतं, हे मला झोपेतही माहीत आहे, म्हणून मी प्रत्येक ढेप प्लास्टिकमध्ये गुंडाळली होती. डबा मात्र तसाच होता. त्याचं झाकणही अर्धवटच बसलेलं, कारण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला मी ते उघडून दाखवत होतो. "वास घ्या! रेसिंगचं आहे. निम्म्यात आणलंय!"

आदल्या दिवशी गॅरेजमधून ऋतुजाचा फोन. "पप्पा, मी यायच्या आतच मिस्त्रीनं ऑइल भरलंय. डबा सीलबंद आणला होता ना?"

"दुकानात हातात घेतला तेव्हा एकदम सीलबंद होता," मी म्हणालो. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

रविवारी दोन्ही घरची माणसं ट्रॅकच्या कठड्याला धपाटी घेऊन हजर. बायको भावालाही "सावकाश रं" म्हणत होती आणि मलाही "आवं, सावकाश" म्हणत होती. असल्या बाईला घेऊन पैज कशी जिंकणार? बाळासाहेब आधी फेऱ्या मारून आला आणि ऐटीत हेल्मेट काढून उभा राहिला. मग मी निघालो.

पहिली फेरी झकास. दुसरी त्याहून झकास! कठड्यावरून ऋतुजा ओरडली, "मामापेक्षा पुढं आहात!" बाळासाहेबाचं तोंड हळदीसारखं पिवळं पडलेलं मी धावत्या गाडीतून बघितलं. तिसऱ्या फेरीत मात्र पायाखालचं पॅडल मऊ लागायला लागलं. कणकेवर पाय दिल्यासारखं. मी त्याला दम भरला. चौथ्या फेरीत, शेवटच्या वळणावर, मी ब्रेक दाबला आणि पॅडल कसलीही तक्रार न करता थेट तळाला जाऊन टेकलं.

गाडी तशीच पुढं! हँडब्रेक ओढला, गाडी गर्रकन फिरली, जुन्या टायरांची रास उडाली, कुंपण आडवं झालं आणि समोर हिरवाच हिरवा अंधार आला. सळसळ, कडकड, मग शांतता. मी उसाच्या फडात होतो. आयुष्यभर ज्या उसावर जगलो, त्यानंच मला झेललं!

"आवं, हाईसा का?" बाहेरून बायकोचा हंबरडा.

"हाय!" मी आतून ओरडलो. (संकटात माझी शुद्ध भाषा टिकत नाही.)

मला खरचटलंही नव्हतं. पण उरलेलं ऑइल डिकीत होतं, आणि ऋतुजाच्या हाताला तो डबा लागला. झाकण काढून ती त्या फाटक्या चंदेरी कागदाकडं बघत राहिली. कागदाला बरोबर माझ्या अंगठ्याएवढं भोक होतं.

"पप्पा. हा कुठं ठेवला होता?"

"गोदामात."

"गुळाला पाणी सुटतं त्या गोदामात?"

मी उसाकडं बघू लागलो. बाळासाहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून हसला. "दाजी, आजपासून वर्षभर."

गाडी काढायला कराडहून सदाशिवची क्रेन आली. सदाशिव मला चांगला ओळखतो. पूर्वी माझा टेम्पो ओढून आणताना भाड्यावरून आमची अशी जुंपली होती, की टेम्पो राहिला बाजूला आणि आम्हालाच लोकांनी ओढून वेगळं केलं. त्यामुळं त्यानं आज दुप्पट भाव सांगितला आणि बाह्या सरसावून भांडायच्या तयारीत उभा राहिला.

माझ्या घशात शब्द आले. मी ते गिळले. "बरं," मी म्हणालो.

"काय?"

"बरं. मान्य आहे."

सदाशिव एक पाऊल मागं सरला. मग जवळ येऊन त्यानं माझ्या डोळ्यांत टॉर्च मारली. "वैनी, ह्यांच्या डोक्याला मार लागलाय! लक्षण बरं न्हाई!"

बायकोनं रडायला सुरुवात केली. बाळासाहेबही हादरला. "दाजी, पैज मागं घेतो! ह्याला शिव्या घाला, काईतरी बोला!"

पण मीही एकदा दिलेला शब्द फिरवणारा नाही. गप्प बसलो. तेवढ्यानं सगळ्यांची खात्रीच पटली.

संध्याकाळी मला कराडला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं नेलं. पैजेचं सांगायला कुणाला सुचलंच नाही. डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढला आणि हसून म्हणाले, "काहीही झालेलं नाही, खुशाल घरी न्या." मग त्यांनी फी सांगितली. नेहमीच्या सवयीनं जरा वाढवूनच.

"बरं," मी म्हणालो, आणि पाकीट काढलं.

डॉक्टरांचं हसू गेलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि दाराकडं बघून हाक मारली, "सिस्टर, एक खाट तयार करा. यांना आज घरी सोडता येणार नाही!"