भरवलेले घास

घाई माझ्या पाचवीलाच पुजलेली. दूध तापेपर्यंत ओट्याशी उभं राहणंही मला जमत नाही, आणि मग ते उतू जातं. अशा बाईच्या हाती सासूबाईंचा उजवा हात आला.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. नाशिकच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पाय ओढत का होईना, चालत होत्या. हात मात्र लुळा होता. व्यायाम शिकवायला आलेल्या बाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं, की हात परत यायचा तर या पहिल्या काही महिन्यांतच येईल. जेवण त्यांचं त्यांना करू द्या, सांडू द्या, तासभर लागला तरी मध्ये पडू नका. मी मान डोलावली.

आमचं झेंडू-शेवंतीचं रान आहे. नवरा ओझरला कारखान्यात, त्याची बस सकाळी लवकर. त्याचा डबा, फुलांची तोडणी, फुलं न्यायला येणारा टेम्पो, सगळं एकाच वेळी. त्यात सासूबाई भाकरीचा तुकडा चिमटीत धरायच्या, तो आमटीत पडायचा, पुन्हा धरायच्या, ओठापर्यंत आणायच्या आणि तिथून तो मांडीवर. माझे हात शिवशिवायचे. आठवडाभर मी कळ काढली. मग एका सकाळी नुकत्याच नेसवलेल्या लुगड्यावर आमटीची वाटी कलंडली. मी ताट ओढून घेतलं, भाकरी कुस्करली आणि पाच मिनिटांत भरवून मोकळी झाले.

"ऱ्हाऊ दे, मला व्हईल हळूहळू," असं त्या म्हणाल्या होत्या. मी ऐकलं नाही, आणि दोन-चार दिवसांनी त्यांनी म्हणणंही सोडलं.

पुढे वेणी, ब्लाउजचे हुक, पाण्याचा तांब्या, सगळं मीच उरकू लागले. नणंद आली की डोळे पुसायची. पोटच्या लेकीनं केलं नसतं एवढं तू करतेस, म्हणायची. ते मला गोड लागायचं, खोटं कशाला बोलू? दर गुरुवारी मी देवळात सत्संगाला जायचे. तिथे धीराबद्दल ऐकताना मला भरून यायचं. एकशेआठ मण्यांची माळ मी जागची न हलता ओढायचे. मण्यांचं बरं असतं, ते सांडत नाहीत.

ठरल्याप्रमाणे चार महिन्यांनी त्या व्यायामाच्या बाई हात बघायला आल्या. अंगठा बोटाला लावून दाखवा, म्हणाल्या. अंगठा हलला नाही. बोटं आत वळून घट्ट झाली होती. जेवतात कशा, असं बाईंनी विचारलं. मी फरशीकडे बघत राहिले.

"मीच सांगितलं हिला भरवायला," सासूबाई म्हणाल्या. "मला लय कटाळा यायचा."

मग बाई त्यांनाच रागावल्या. आजी, असा आळस केल्यावर हात कसा यायचा, म्हणाल्या. सासूबाई खाली मान घालून ऐकत होत्या. मी तोंड उघडलं नाही. मला माझी शरम वाटत होती, आणि सुटल्यासारखंही वाटत होतं. आता या हाताची फारशी आशा धरू नका, हे बाईंनी निघताना दारात मला हळूच सांगितलं.

त्यानंतर मी सत्संगाला गेले नाही. धीराची व्याख्या ऐकायला चार गल्ल्या ओलांडून जात होते, आणि धीर घरात पाटावर बसून माझ्या हातून घास घेत होता, रोज, मला उशीर होऊ नये म्हणून.

आता मी ताट पुढे ठेवते आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून समोर बसते. त्या डाव्या हातात चमचा धरतात. उजवा मांडीवर पडलेला असतो. परवा जेमतेम दोन घास झाले आणि बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. मी उठले नाही. नुसती मान दाराकडे वळली असेल.

सासूबाईंनी चमचा ताटात ठेवला.

"दे भरवून," त्या म्हणाल्या. "तुला उशीर व्हतोय."

आणि तोंड उघडून थांबल्या.