साळवेंना खोटं जमत नसे

साळवेंना खोटं बोलायचं असलं की ते आधी खिशातून टेप काढायचे. समोर जी भिंत असेल ती मोजायला घ्यायचे आणि माझ्याकडे पाठ करून म्हणायचे, "आज सुताराच्या सासऱ्याला अ‍ॅडमिट केलंय, मॅडम." आमच्या घराचं काम चालू असेपर्यंत त्या सासऱ्याला काही बरं वाटलं नाही. कॉन्ट्रॅक्टर म्हटला की थापा आल्याच. साळवेंची थाप निदान ओळखू यायची. "साळवे, टेप ठेवा आणि खरं काय ते सांगा," असं म्हटलं की ते ओशाळून हसायचे. "पोरं जत्रेला गेलीत. उद्या आणतो पकडून."

कल्याणच्या आमच्या फ्लॅटमध्ये आई गेल्यापासून बाबा आणि मी दोघंच. बाबा पंचायत समितीत कारकून होते, मूळ गाव मुरबाडच्या पुढे वैशाखरे. मी बँकेत. घर जुनं झालं होतं, ओट्याखाली ओल आली होती, आणि मला खरं तर मैत्रिणींकडे आहे तसा मोठा, मोकळा हॉल हवा होता. इंटिरियरवाल्या एका मुलीने कॉम्प्युटरवर अशी चित्रं दाखवली की त्या घरात आम्ही दोघं शोभलोच नसतो. शेवटी शहापूरहून येणारी बँकेतली सहकारी म्हणाली, "आमच्या सापगावचे साळवे बघ. बडबडे आहेत, पण काम अर्धं टाकून पळत नाहीत."

साळवे आले ते कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. सिमेंटच्या धंद्यात पांढरा शर्ट घालणारा हा माझ्या पाहण्यातला एकमेव माणूस. "कल्याणात मी आतून तोडली नाय अशी बिल्डिंग नाय," हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं, "घाईचं प्लास्टर आन् घाईचं लगीन, दोनी पावसाळ्यात कळतात." मला बँकेत जायचं होतं. चावी बाबांकडे ठेवून मी निघाले. दोघं दिवसभर गप्पा मारत बसले असावेत. संध्याकाळी आले तर साळवे अजून तिथेच, बाबांनी केलेला चहा पीत. त्यांची एकदम गट्टी जमली होती. साळवे त्यांना आण्णा म्हणायला लागले होते.

काम ठरलं. धुळीचा त्रास नको म्हणून बाबा वैशाखऱ्याला धाकट्या काकांकडे जाणार होते. जाताना म्हणाले, "तुझं घर हाय, तुला आवडेल तसं कर." मी ते शब्दशः घेतलं.

आणि मग साळवेंनी एका भिंतीवरून माझ्याशी भांडण काढलं. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत मला काढायची होती. तेवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. "तुमी सांगा तसं, मी करीन तसं" असं उठता-बसता म्हणणारा हा माणूस तिथे मात्र अडून बसला. पहिल्या दिवशी म्हणाले, वर बीम आहे. नव्हता. मग म्हणाले, सोसायटी परवानगी देणार नाही. मी कागद आणून दाखवला. मग टेप काढून तीच भिंत मोजत म्हणाले, "वास्तुशास्त्रात बसत नाय, मॅडम."

मला हसूच आलं. साळवेंच्या मोबाइलवर बाबासाहेब, गाडीत बुद्धाची मूर्ती, नमस्काराऐवजी जय भीम. "तुम्ही कधीपासून वास्तुशास्त्र मानायला लागलात?"

"मी नाय मानत," ते भिंतीलाच म्हणाले. "पन लोकं मानतात."

मला वाटलं, कष्ट वाचवायला बघतोय. मी म्हटलं, "तुम्हाला जमत नसेल तर मी दुसरा माणूस बघते." साळवेंनी टेप गुंडाळली. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी भिंत पाडली.

बाबा परत आले त्या दिवशी मी त्यांना दारातच म्हटलं, "बघा, किती मोकळं झालंय." ते म्हणाले, "छान झालंय गो." दुपारी ते पाणी प्यायला उठले. हॉलमधल्या पलंगावरून उठून त्यांनी उजवा हात बाजूला नेला, तो कशावर टेकलाच नाही, आणि ते तसेच आडवे पडले. मांडीचं हाड मोडलं.

साळवेंना कुणी कळवलं कोण जाणे, पण ते रात्रीच्या आत दवाखान्यात हजर झाले, तोच पांढरा शर्ट, मळलेला. मी वॉर्डच्या दारातच त्यांच्यावर तुटून पडले. टाइल्स गुळगुळीत, काम घाईत, तुम्हा लोकांना माणसांची पर्वा नाही. नर्स बघत होती, नातेवाईक बघत होते. टाइल्स मी निवडल्या होत्या. साळवे म्हणाले, "बरोबर हाय, मॅडम. टाइल माज्या पसंतीची. माजीच चूक." आणि खिशातून टेप काढून दवाखान्याची खिडकी मोजायला लागले.

आतून बाबांचा आवाज आला. "त्याला बोलू नको गो. मला दिसत नाय."

दोन्ही डोळ्यांना काचबिंदू, फार पुढे गेलेला. त्या घरात वर्षानुवर्षं राहून भिंतींच्या आधाराने बाबा असे वावरत की, एका छताखाली राहून मला पत्ता लागला नव्हता. साळवेंना पहिल्याच दिवशी लागला, कारण बाबांनी चहा ओतताना कपात बोट धरलं होतं. साळवेंनी सरळ विचारलं, बाबांनी सरळ सांगितलं आणि कुणाला न सांगण्याचा शब्द घेतला. तो शब्द पाळायचा म्हणून तो माणूस माझ्यापुढे बीम, सोसायटी आणि वास्तुशास्त्र एकामागून एक उभं करत राहिला.

मी भिंत परत बांधायला सांगितली. बाबा नको म्हणाले. गावचं घर त्यांना लहानपणापासून पाठ होतं, तिथेच जायचं ठरलं. हाड जुळल्यावर साळवेंनी आपल्या गाडीतून नेलं. बाबांना काकांच्या स्वाधीन करून परत येताना मी विचारलं, "त्यांनी मला का सांगितलं नाही?"

साळवे रस्त्याकडे बघत म्हणाले, "तुमाला टेन्शन नको म्हनून. बाप मानूस, दुसरं काय." दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मी विश्वास ठेवला. मला तेवढाच आधार होता.

त्यानंतर मुरबाडकडे काम निघालं की साळवे बाबांकडे जाऊन यायचे. माझी माफी त्यांनी कधी पुरी ऐकून घेतली नाही. "मी भिंतीला हात लावायला नको होता," एवढंच म्हणायचे. ते त्यांच्या मनातून कधी गेलं नाही.

या हिवाळ्यात छातीत दुखायचं निमित्त होऊन साळवे गेले. जलदान विधीला मी सापगावला गेले. वंदना झाली, जेवणं झाली. त्यांच्या पत्नी माझ्याजवळ येऊन बसल्या. "तुमी भिंतीवाल्या मॅडम ना? हे लय बोलायचे तुमच्याबद्दल."

मी म्हटलं, "फार वाईट वागले मी त्यांच्याशी."

"छे वो. त्यांच्या मनाला आण्णांचंच लागलं होतं. हे आण्णांना म्हनायचे, पोरीला का सांगत नाय? आण्णा म्हनायचे, तिनं इचारलं की सांगीन." त्यांनी मायेने माझ्या हातावर हात ठेवला. "मग इचारलंत का तुमी?"

मी त्यांचा निरोप घेऊन उठले.

कल्याणला न परतता मी मुरबाडच्या रस्त्याला लागले. बाबांना तीन डॉक्टरांकडे नेलं होतं, तिघांनाही मी सगळं विचारलं होतं. बाबांना काहीच विचारलं नव्हतं. गाडी चालवताना ही गोष्ट मला इतकी उघडी दिसली की मला स्वतःची लाज वाटली.

ओटीवर बाबा सूप पुढ्यात घेऊन वालाच्या शेंगा सोलत बसले होते. पाऊल ओळखून म्हणाले, "साळव्याकडं मानसं बरीच होती का?"

"होती," मी म्हटलं. मग त्यांच्याजवळ खाली बसले. "बाबा, तुम्हाला कधीपासून दिसेनासं झालं?"

त्यांचे हात थांबले. "इचारलंस होय," ते म्हणाले. सूप बाजूला सारलं, हात धोतराला पुसले आणि सांगायला लागले.