तब्येत जास्त आहे

वडील गेल्यावर आई रोज विचारायची, "ते कुठं गेले रे?" तिला विसर पडायला आधीच सुरुवात झाली होती. सुरुवातीला आम्ही खरं सांगायचो. दर वेळी ती नव्यानेच ऐकल्यासारखी ऊर बडवून रडायची आणि दुपारी पुन्हा तोच प्रश्न. शेवटी बायको म्हणाली, पुरे करा आता. तेव्हापासून वडील धसईच्या बाजाराला गेलेले असत.

जुनी वस्तू हातात दिली की अशी माणसं शांत बसतात, असं कुणीसं सांगितलं. म्हणून मी माळ्यावरचा फोन काढला. काळा, बोटाने चकती फिरवायचा, विटेसारखा जड. वडिलांनी तो भातगिरणीसाठी घेतला होता आणि आजूबाजूच्या पाड्यांना मिळून तेवढा एकच होता.

मला स्क्रू पिळण्यापलीकडे काही येत नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण अक्कलही नसते हे कुणी सांगत नाही. चकती सरळ साबणाच्या पाण्यात बुडवली, तर आकड्यांचा कागद विरघळून लगदा झाला. मी स्वतःला चार शिव्या हासडल्या. वरचं कवच मात्र टूथपेस्टने घासून चकाकवलं. बोलायच्या भोकांना अजून वडिलांच्या तंबाखूचा वास होता. तेवढा भाग धुवायचं धाडस झालं नाही.

तळाचे स्क्रू काढून कवच उचललं. आत घंटीच्या दोन वाट्यांमध्ये कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं. मी दाभणाने ती माती उकरत बसलो.

या घंटीचा मला लहानपणापासून राग. चांगली बातमी तिने क्वचित आणली. शहापूरच्या नाहीतर कल्याणच्या दवाखान्यात कुणी दगावलं की निरोप आमच्याकडे यायचा. वडील ऐकून घ्यायचे आणि सांगायला आईला धाडायचे. ती पदर खोचायची, चपला घालायची आणि पाड्यावर जायची. आमच्याकडे मरण तोंडावर सांगत नाहीत. "तब्येत जास्त हाय, निघा," एवढंच ती म्हणायची. निदान वाटेत तरी माणसाला आशा राहते. परत आली की ती जेवायची नाही.

माती निघाली. लाइन केव्हाच मेलेली, म्हणून वाट्यांमधली हातोडी बोटानेच हलवून पाहिली. घंटी खणखणली. मला इतका आनंद झाला की मी ती पुन्हा पुन्हा वाजवली.

आई बाहेर आली. पदर खोचलेला. दाराशी जाऊन ती पायाने चपला चाचपू लागली.

"कोणाच्या घरी जायचंय रे?"

"कोणाच्या नाय, आई. साफ करतोय नुसता."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांच्या खुर्चीकडे. इतकी जागी नजर मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

"ते बाजाराला गेलेत ना?"

"हो. धसईला."

"तब्येत जास्त हाय त्यांची?"

मी दाभण खाली ठेवलं.

"मीच साऱ्यांना असं सांगत फिरली रे," ती म्हणाली. "मला नको तसं सांगूस."

मी खरं ते सांगितलं. या वेळी रडलो तो मी. तिने चपला काढल्या आणि भिंतीला टेकून बसली. त्या दिवशी ती जेवली नाही.

सकाळी चहा देताना तिने विचारलं, "ते कुठं गेले रे?"

"धसईला," मी म्हणालो. घंटीच्या वाट्यांमध्ये मी आदल्या संध्याकाळीच चिंधी कोंबून ठेवली होती.