गालिच्याखालचा रविवार

लँकेशरमधल्या क्लेगवर्थ या गिरणीगावात ग्लेंडा ऑगडनला सगळे तापट म्हणत, आणि तापट ती होतीच. पण हा तापटपणा तिनं आईकडून घेतला नव्हता. आई म्हणजे गरीब गाय. एकदा परसात कपडे वाळत घालता घालता तिनं लेकीला सांगितलं, "एकोणीस वर्षांची होते तेव्हा अख्खा हिवाळा डान्स हॉलच्या भिंतीला टेकून बसले. पुरुषानं येऊन विचारल्याशिवाय बाईनं उठायचं नाही, अशी रीत. शेवटी तुझा बाप आला. नाचता येत नव्हतं मेल्याला, सगळा वेळ माझ्या पायांवर उभा. पण उठवलंन ना, म्हणून लग्न केलं."

आई हे हसत सांगत होती. ग्लेंडाला हसू आलं नाही.

सोळाव्या वर्षी ती प्रॉस्पेक्ट मिलमध्ये मागावर लागली. तीनशे मागांचा असा गदारोळ, की शेजारणीनं कानाशी बोंब मारली तरी ऐकू येऊ नये. म्हणून बायका आवाज न काढता ओठ मोठे मोठे हलवून बोलत आणि एकमेकींचे ओठ वाचत. सहा महिन्यांत ग्लेंडा खात्याच्या या टोकाला उभी राहून त्या टोकाचं भांडण शब्दन् शब्द वाचायला लागली.

आणि एकविसाव्या वर्षी, म्हणजे त्र्याहत्तर साली, तिला रविवार सापडला.

स्टेशन रोडवर गिरणीकामगारांचा क्लब होता. खाली बार, वर मोठा हॉल. हॉलची जमीन मॅपलच्या लाकडाची, पावलाला उसळी देणारी. दर रविवारी दुपारी एक ते सात तिथे अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या जुन्या तबकड्या वाजत. डेट्रॉइट-शिकागोकडच्या. तिकडे त्यांना कुणी विचारलं नाही, गोदामात धूळ खात पडल्या, आणि इकडे लँकेशरच्या गिरणीतल्या पोरापोरींनी त्या डोक्यावर घेतल्या. काळीज पिळवटणारं गाणं, आणि ठेका असा, की घोडं उधळावं. तीन-चारशे जण यायचे. वर दारू नाही. लिंबूसरबत प्यायचं, घामानं चिंब झालेला बनियन बदलायचा, जमिनीवर टाल्कम पावडर शिंपडायची आणि चामडी तळाच्या बुटांनी पुन्हा सुरू. पायच बोलायचे तिथे. घसरत जायचं, फिरायचं, गर्रकन थांबायचं. गाणं संपलं की सगळे टाळ्या वाजवायचे, समोर टाळ्या घ्यायला गायक नसला तरी.

आणि मुख्य म्हणजे कुणी कुणाला विचारायचं नाही. जोडीच नाही. जो तो एकटा, आपापल्या हातभर जागेत.

पहिल्या रविवारी ग्लेंडा दाराशी दहा मिनिटं उभी होती. मग तिच्या ध्यानात आलं की कुणीच विचारायला येणार नाहीये. ती आत गेली, आणि सात वाजेपर्यंत तिचे पाय थांबले नाहीत.

नेव्हिल ऑगडन तिच्या शेजारी नाचायचा. हॉलमधला सगळ्यात वेगवान माणूस. मागे पडायचा, एका हातावर अंग तोलायचा आणि ठेका न चुकवता उभा. वर्षभर दोघं दोन हातांच्या अंतरावर नाचली, एक अक्षर बोलली नाहीत. एकदा तिच्या बुटाचा तळ सुटला, तेव्हा त्यानं खिशातून गोंदाची नळी काढून दिली. पुढच्या वसंतात लग्न झालं.

दोन वर्षांनी एका रविवारी नेव्हिल असाच मागे पडला आणि उठलाच नाही. गुडघा. डॉक्टर म्हणाला, चालता येईल, नाचायचं विसरा. काही महिने तो हॉलमध्ये भिंतीशी बसला. मग खाली बारमध्ये बसायला लागला. मग क्लबच्या कमिटीवर गेला.

ग्लेंडाला कमिटीवर जाता येत नव्हतं. बायकांना सभासदच होता येत नव्हतं. त्यांना एक गुलाबी कार्ड मिळे, नवऱ्याच्या नाहीतर बापाच्या नावावर. त्यावर आत येता येई, मत देता येत नसे. मात्र हॉल झाडणं, रॅफलच्या सोडतीची तिकिटं विकणं, कुणी गेलं की मयतानंतरच्या जेवणाला हॅमची सँडविचेस करणं, हे सगळं गुलाबी कार्डवाल्यांनीच करायचं. ग्लेंडानं सात वर्षं केलं. तिला वाटे, हॉल आपला आहे, तर हात लावायला काय लाज?

हळूहळू गर्दी ओसरली. वर्तमानपत्रांनी नाचणाऱ्यांच्या खिशातल्या नशेच्या गोळ्यांवर रकाने भरले, तसे आईबाप पोरींना सोडेनात. टीव्हीवाले चित्रण करून गेले, तसे लांबलांबचे लोक नुसते बघायला यायला लागले, बूट न बदलता, हातात ग्लास घेऊन. गिरण्या अर्ध्या पाळीवर आल्या. धाकट्यांना दुसरं संगीत मिळालं. ऐंशी साली ऐंशी जण येत.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, शनिवारी दुपारी, कमिटीची सभा होती. सभेला जेवण म्हणून ग्लेंडा आणि तिची मिलमधली मैत्रीण पॉलीन क्लबच्या स्वयंपाकघरात मटण-बटाट्याचं हॉटपॉट शिजवत होत्या. स्वयंपाकघर आणि सभेची खोली यांच्यामध्ये ताटं सरकवायची खिडकी होती, तिची काच बंद. पलीकडे नऊ पुरुष.

ग्लेंडानं सहज वर बघितलं आणि तिचा हात थांबला.

अध्यक्ष रॉथवेल, मिलमधला निवृत्त मुकादम, बोलत होता. आवाज येत नव्हता. ओठ दिसत होते.

"काय म्हणतोय?" पॉलीननं विचारलं.

"वरचा नाच बंद. जमिनीवर गालिचा. तीन स्नूकरची टेबलं." ग्लेंडा ओठांवरचं वाचून सांगत होती, मिलमधल्यासारखं, पुढचं काय हे न कळता. "हात वर करा म्हणतोय."

हात वर गेले. आठ. नववा म्हातारा झोपला होता. आठातला एक हात नेव्हिलचा. घुटमळत नाही, चोरून नाही. कोपर सरळ.

तिनं काच खाडकन सरकवली. "खाली घे तो हात."

नऊच्या नऊ माना वळल्या. झोपलेला जागा झाला.

"मिसेस ऑगडन," रॉथवेल म्हणाला, "सभा चालू आहे. सभासद नसलेल्यांना बोलता येत नाही."

"मग सभासद करा."

"बायकांना करता येत नाही. नियम आहे."

"झाडायला नियम नाही? तुमच्या नाताळच्या ओकाऱ्या पुसायला नियम नाही? तेव्हा कुणी माझ्या कार्डाचा रंग नाही बघितला तो!"

"हे बघ पोरी, दमानं घे. तुमचा नाच काय, संपल्यातच जमा आहे. आम्ही नुसतं दार ओढून घेतोय."

"सात वर्षांत एकदा तरी जिना चढलास का रे, रॉथवेल? काय संपलंय ते बघायला?"

रॉथवेलनं चष्मा पुसला. कोपऱ्यातून कुणीतरी हळूच म्हणालं, "जेवून घेऊ आधी, निवतंय सगळं."

या एका वाक्यानं भडका उडाला. "सभासद नसलेल्या बाईच्या हातचं नियमात बसतं का, ते आधी बघा," असं म्हणून ग्लेंडानं भांड्याचा एक कान धरला, पॉलीननं दुसरा, आणि दोघी ते वाफाळतं हॉटपॉट घेऊन पुरुषांच्या बारमधून, जिथे बाईनं पाऊल ठेवायचं नसे, तिथून सरळ पुढच्या दारानं रस्त्यावर आल्या. पॉलीनच्या घरी मागावरच्या सात जणींनी ते संपवलं. कमिटीनं लाल कोबीच्या लोणच्याशी पाव खाल्ला.

संध्याकाळी नेव्हिल घरी आला. ग्लेंडा कोट न काढता बसली होती.

"रॉथवेलनं सगळं आधीच ठरवलं होतं," तो म्हणाला. "माझ्या एका मतानं काय होणार होतं?"

"खोटं बोलू नकोस. हात कसा होता ते मी बघितलंय."

नेव्हिलनं खुर्ची ओढली, दुखरा पाय लांब करून बसला. मग म्हणाला, "दर रविवारी खाली बसलो की मला छतातून तुझे पाय ऐकू येतात. एवढ्या माणसांतून तुझेच. बिअर तशीच राहते. मला सोसत नाही गं ते, ग्लेन."

"तुझा गुडघा गेला म्हणून माझे पाय तोडायचे?"

"तसं नाही..."

"मग कसं? तू मला नाचायला कधी विचारलं नाहीस, म्हणून आवडलास मला. आणि आज नाच थांबवतानाही विचारलं नाहीस!"

ती त्याच कोटात पॉलीनकडे राहायला गेली.

सोमवारपासून गुलाबी कार्डवाल्यांतल्या एकीनंही क्लबात हात ओला केला नाही. झाडणं बंद, रॅफल बंद, चहा बंद. दुसऱ्या आठवड्यात एक जुना सभासद गेला. मयतानंतरच्या सँडविचेसना कमिटी स्वतः बसली. रॉथवेलनं पाव असे कापले, की विटा बऱ्या. मेलेल्याची बायको ताटाकडे बघून ग्लेंडाला म्हणाली, "चांगलं केलंस गं. आमच्या म्हाताऱ्याला पण कळायला हवं होतं, पण तो सुटला."

तिसऱ्या आठवड्यात रॉथवेल मिलच्या फाटकाशी टोपी हातात घेऊन उभा राहिला. "ठराव बदलणार नाही. पण एक रविवार देतो. निरोपाचा."

"भीक नको," ग्लेंडा म्हणाली.

"घे," पॉलीन म्हणाली. "हॉल भरला, चारशे आले, की त्यांचं तोंड बघू."

ग्लेंडानं घेतला. हातानं चिठ्ठ्या लिहून बसथांब्यांवर चिकटवल्या. बर्नली, बोल्टन, पार स्टोकपर्यंत जुन्या सोबत्यांना सार्वजनिक फोनवरून कळवलं. हो, हो, नक्की, सगळे म्हणाले. एक जण म्हणाला, "अरे, अजून चालू होतं का ते?"

त्या रविवारी अडतीस जण आले.

ग्लेंडा मोजत नव्हती, पण एवढ्या हॉलमध्ये अडतीस माणसं न मोजताही कळतात. चांगली नाचली ती अडतीस माणसं. जागाच जागा होती. पाय घसरत जायचे ते पार भिंतीपर्यंत, अडायला कुणी नाही. आणि नाचताना ग्लेंडाच्या डोक्यात एकच: ते कुठे आहेत? ते, जे इथे ओरडून सांगत होते की मरेपर्यंत नाचू? कुणाला मूल झालं, कुणी मोटार धुत असेल, कुणी सासूकडे जेवत असेल. रॉथवेलवर रागावणं सोपं होतं. हा राग कुणाच्या तोंडावर फेकायचा? ती तो पायांत घालत राहिली. साडेसहाला तबकड्या लावणाऱ्यानं पेटी बंद केली. त्याला गाडी पकडायची होती.

पॉलीननं सवयीनं झाडू उचलला. "ठेव तो," ग्लेंडा म्हणाली. "पावडर राहू दे तशीच."

मंगळवारी माणसं आली आणि पावडरीवरच गालिचा ठोकून गेली. हिरवा.

ती घरी परतली, नाताळच्या आधी. का, ते तिनं पॉलीनलाही सांगितलं नाही. "घर माझंही आहे," एवढंच. पुढे प्रॉस्पेक्ट मिल बंद पडली आणि ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात लागली. नेव्हिलनं कमिटी सोडली. त्यानं एक जुनी व्हॅन घेतली आणि एका रविवारी सकाळी दाराशी आणून उभी केली. म्हणाला, "डर्बीशरात एक हॉल चालू आहे अजून. सोडतो तुला."

मग पाच वर्षं, जिथे कुठे रविवारचा नाच शिल्लक असेल तिथे तो तिला नेई. ती आत जाई. तो व्हॅनमध्ये शब्दकोडं सोडवत बसे. तिनं त्याला कधी आत बोलावलं नाही, त्यानं कधी विचारलं नाही. लोक म्हणत, बघा, मिटलं त्यांचं. पॉलीननं एकदा ते तिच्या कानावर घातलं. "मिटलं कसलं," ग्लेंडा म्हणाली. "तो गाडी चालवतो, एवढंच."

हॉल एकेक करून बंद होत गेले. कुठे बिंगो, कुठे सुपरमार्केट, एक तर नुसता पाडून ठेवला. शहाऐंशीच्या मे महिन्यात उरला तो समुद्रकाठच्या धक्क्यावरचा एकच. ग्लेंडा दीडला आत गेली आणि अडीचला बाहेर आली. बूट अजून नाचाचेच होते.

नेव्हिलनं काच खाली केली. "एवढ्यात?"

"सात जण होते. त्यातला एक झाडूवाला."

"पुढच्या रविवारी..."

"पुढचा रविवार नाहीये. कागद लावलाय दारावर." तिनं व्हॅनचं दार उघडलं नाही. मग म्हणाली, "बरं वाटलं असेल ना तुला?"

नेव्हिलनं वर्तमानपत्राची घडी घातली. "नाही," तो म्हणाला. "पाच वर्षं वाटेल असं वाटत होतं. नाही वाटलं."

ग्लेंडानं व्हॅनच्या दारावर लाथ मारली. तेरा वर्षं नाचलेला पाय तो. पत्रा आत गेला, पोचा बशीएवढा. ती स्वतःच दचकली. नेव्हिल लंगडत खाली उतरला, वळसा घालून आला, पोचा बघितला.

"अजून एक मार," तो म्हणाला. "पण दाराला नको. मागच्या बाजूला मार, तिथला पत्रा जाड आहे."

तिनं चार मारल्या. समोरच्या बाकावरचं एक म्हातारं जोडपं हातातलं आइस्क्रीम विसरून बघत राहिलं. नेव्हिल पलीकडच्या बाजूला व्हॅनला खांदा लावून उभा होता, गाडी हलू नये म्हणून.